पाचवी कॉपी

दिवा राहू दे तसाच, माझ्या डोळ्यांवर येत नाही. आणि गोष्ट ऐकतोय अशा समजुतीनं बसू नका. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते गृहस्थ अजून इथंच कामाला आहेत. उद्या सकाळी ड्यूटी संपवून खाली उतरलात की जिन्यात भेटतील, मान हलवतील आणि वर जातील. त्यांना यातलं काही विचारू नका, एवढंच माझं सांगणं.

वहीदादा. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. पूर्वी आपल्या पेशंटच्या नोंदी जाडजूड वह्यांमध्ये असायच्या आणि त्या वह्या यांच्या ताब्यात. पुढं कॉम्प्युटर आला, वह्या रद्दीत गेल्या, नाव तेवढं चिकटून राहिलं.

आपलं काम तेव्हाही हेच होतं. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, इंजेक्शन द्यायचं, पुढच्या घरी निघायचं. फिरतीवर सहा सिस्टर आणि सहा लॅपटॉप. प्रत्येक लॅपटॉपमध्ये सगळ्या पेशंटच्या नोंदींची एक आख्खी कॉपी. सिस्टर दिवसभर आपापल्या कॉपीत लिहायच्या. संध्याकाळी ऑफिसात आल्या की लांब टेबलावर सहा वायरी पडलेल्या असायच्या, त्यातली आपली वायर लॅपटॉपला लावायची. मग त्यांची कॉपी आणि वहीदादांच्या खोलीतली मास्टर कॉपी एकमेकींना दिवसभराचं सांगायच्या. हिनं लिहिलेलं तिला, तिनं लिहिलेलं हिला. याला सिंक म्हणायचे. वहीदादा म्हणायचे, एक सासू आणि सहा सुना आहेत, रोज संध्याकाळी सगळ्यांचं एकमत झालंच पाहिजे, नाहीतर रात्री घरात कुणाला झोप नाही.

आता यात एक गोम होती. एखादा लॅपटॉप चोरीला गेला, फुटला, तर त्यातली कॉपी गेली. पण सासूला ते कळायचं नाही. तिच्या यादीत सून आहेच. रोज संध्याकाळी ती तिला हाक मारणार, उत्तर येईपर्यंत थांबणार, आणि तिला सांगायचं म्हणून दिवसभराची सगळी बातमी बाजूला काढून ठेवणार. अशा पाच मेलेल्या कॉप्या यादीत साचल्या होत्या. मास्टरची फाईल फुगत चाललेली. पाच मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागायची. दिवसभर पायपीट करून आलेल्या सिस्टर खांद्याला पिशवी तशीच अडकवून टेबलाला टेकून उभ्या असायच्या.

त्या वर्षीचा चौदा नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी मोठ्या सिस्टर, म्हणजे तेव्हाच्या आपल्या प्रमुख, वहीदादांच्या खोलीत आल्या. बाईंचा आवाज असा की पेशंट सोडा, डॉक्टरसुद्धा सरळ बसायचे. पण त्या दिवशी दारातच घुटमळल्या. म्हणाल्या, त्या मेलेल्या कॉप्या काढून टाकाव्या लागतील आता. पाच आहेत ना?

वहीदादा म्हणाले, पाच.

"पाचवी..." मोठ्या सिस्टर थांबल्या. "बाहेरून कुणाला बोलावू का?"

"कशाला? माझंच काम आहे ते."

पाचवी कॉपी त्यांच्या बायकोची होती.

आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. सहा सिस्टरांमधली एक. चौदा मार्चला, गुरुवारीच, संध्याकाळी पावणेसातला फिरतीवरून परत येताना तिची गाडी वळणावर उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. ताई जागच्या जागी गेली. तिचा लॅपटॉप पुढच्या सीटवर होता. पोलिसांनी तो आणून दिला तेव्हा मधोमध वाकलेला होता. वहीदादांनी स्वतः तो उघडला. आतल्या डिस्कचे दोन तुकडे. त्यांनी ते तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीवर तारीख टाकली आणि लॅपटॉपसकट आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून दिली. चौथ्या दिवशी कामावर आले होते ते.

माणूस बदलला म्हणावं, तर तसंही नव्हतं. वेळेवर यायचे, वेळेवर जायचे. कुणी सांत्वनाला आलं की हो म्हणायचे. त्यांच्या बहिणीनं एकदा फोनवर विचारलं, दादा, तू रडलास का रे? तर म्हणाले, नाही अजून. जसं काही लाईटबिल भरायचं राहिलंय. चहा उकळता असो की गार, एका दमात पिऊन कप खाली ठेवायचे. त्यांची जीभ भाजायची की नाही, देव जाणे.

तर त्या गुरुवारी सगळ्या सिस्टर गेल्यावर, रात्री साडेनऊला, वहीदादा कामाला बसले. यादीचं काम चालू असताना कुणाचा लॅपटॉप जोडलेला चालत नाही, म्हणून रात्र. शिपायाला घरी पाठवलं. टेबलावरच्या सहाही वायरी सुट्या आहेत हे बघून आले. खालचं दार आतून लावलं.

कॉपी काढायची रीत अशी होती. मेलेल्या कॉपीला मुद्दाम सिंकला बोलवायचं. मास्टर तिला शोधते. मिनिट, दोन मिनिटं. सापडली नाही की पडद्यावर येतं, ही कॉपी सापडत नाही, यादीतून काढायची का? हो म्हटलं की झालं.

पहिली कॉपी चोरीला गेलेल्या लॅपटॉपची. सापडत नाही. काढायची का? हो. दुसरी जिन्यावरून पडलेल्याची. हो. तिसरी नोकरी सोडून परदेशी गेलेल्या सिस्टरची. हो. चौथी त्यांनीच कधीतरी करून पाहण्यासाठी काढलेली आणि पुसलेली. हो. प्रत्येक वेळी यादी एका ओळीनं आखूड झाली. मधे फाईल दाबून लहान करायची, तिची एक प्रत बाजूला ठेवायची, यातच दीड-दोन तास गेले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी पाचवी ओळ निवडली.

शेवटचं सिंक, तेरा मार्च. बरोबर होतं. चौदाला ती ऑफिसात पोचलीच नव्हती.

त्यांनी मला नंतर सांगितलं, मामा, माझ्या मनात काही नव्हतं. चार काढल्या तशी पाचवी. बटण दाबलं आणि खुर्चीला टेकून बसलो.

मिनिट गेलं. दोन गेली.

पडद्यावर आलं, कॉपी सापडली.

वहीदादांनी ते वाचलं. परत वाचलं. खाली एक पट्टा असतो, काम किती झालं ते दाखवणारा. तो पुढे सरकायला लागला.

त्यांना वाटलं, नंबर चुकला. दुसऱ्याच कुठल्या तरी लॅपटॉपला बोलावलं. ते उठले आणि बाहेर टेबलापाशी गेले. सहा वायरी, सहाही सुट्या. चौथी ताईची. तिचं टोक टेबलावर पडलेलं. कशालाही न जोडलेलं.

भिंतीवर एक डबा आहे, सगळ्या वायरींची दुसरी टोकं त्यात जातात. वायरीतून काही जात-येत असलं की त्या नंबरचा दिवा लुकलुकतो.

चार नंबरचा दिवा लुकलुकत होता.

त्यांनी वायरीचं टोक हातात घेतलं. तसंच धरून उभे राहिले. दिवा थांबला नाही.

मग खोलीत येऊन त्यांनी कपाट उघडलं. लॅपटॉप तिथंच. वाकलेला. पिशवीत डिस्कचे दोन तुकडे. वर त्यांचंच अक्षर, त्यांचीच तारीख. त्यांनी पिशवी दाबून बघितली. तुकडे एकमेकांवर वाजले.

कपाट बंद केलं. किल्ली फिरवली. खुर्चीत येऊन बसले.

पट्टा भरला होता.

नवीन पेशंट एक. नवीन भेटी छत्तीस.

तुम्ही म्हणाल, पळून का नाही गेले? मीही विचारलं होतं. म्हणाले, पळायला भीती वाटायला हवी ना, मामा. मला आठ महिने काहीच वाटत नव्हतं.

त्यांनी नोंद उघडली. पेशंट एक म्हातारी, वय एकोणऐंशी. एकटी. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. डाव्या पायाला घोट्याच्या वर जखम, साखरेच्या आजारामुळे भरत नसलेली. पत्ता बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीच्या मागचं घर. नोंद केल्याची तारीख चौदा मार्च. वेळ संध्याकाळी पाच वीस.

म्हणजे मरणाआधी दीड तास. ताईनं ही म्हातारी नवीन नोंदवली होती, ते तिच्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि लॅपटॉप संपला. मास्टरला ती म्हातारी माहीतच नव्हती. बाकीच्या पाच सिस्टरांना माहीत नव्हती. आठ महिने तिच्या दारात आपल्यातलं कुणीही गेलं नव्हतं.

पण भेटी छत्तीस होत्या.

पहिली चौदा मार्च. जखम धुतली, पट्टी बांधली. दुसरी एकवीस मार्च. तिसरी अठ्ठावीस. दर गुरुवारी एक. एकही गुरुवार चुकलेला नाही. नोंदी ताईच्या पद्धतीच्या, तुटक. जखमेची लांबी चार सेंटिमीटर. साडेतीन. कडा स्वच्छ. तीन. आज बोलल्या. झोप लागते म्हणतात. अडीच...

वहीदादा एकेक ओळ खाली आले. एप्रिल. जून. सप्टेंबर. बोट एका लयीत चाललेलं.

शेवटची ओळ. चौदा नोव्हेंबर. रात्री नऊ पंचावन्न.

त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा सदतीस.

जखम एक सेंटिमीटर. कोरडी पडते आहे. आणि शेऱ्यात, पुढची भेट दुसऱ्या कुणाला तरी सोपवावी.

बस्स. एवढंच.

तेव्हा वहीदादांनी काय केलं ठाऊक आहे? शोधाची चौकट उघडली आणि त्यात स्वतःचं नाव टाकलं. छत्तीस भेटींमध्ये कुठं आहे का बघायला. मग नाव काढून, ती घरी त्यांना ज्या नावानं हाक मारायची ते टाकलं. मग नुसतं, घर. मग, हे.

शून्य नोंदी सापडल्या. चारही वेळा.

"त्या म्हातारीचे सेंटिमीटर लिहिले तिनं," असं ते मला म्हणाले. तेवढंच म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसाच्या आवाजात मला काहीतरी जाणवलं. राग होता की काय, सांगता येणार नाही. पण होतं.

काम संपलं नव्हतं. दोन कॉप्यांनी एकाच ओळीत वेगवेगळं लिहिलं असलं, तर मास्टर कुणाचीच बाजू घेत नाही. दोन्ही ओळी पडद्यावर आणून ठेवते. विचारते, खरं कोणतं?

पडद्यावर कर्मचाऱ्यांच्या यादीतली एक ओळ आली. ताईची.

डावीकडे मास्टरचं. चौदा मार्च. मृत. ते त्यांनीच लिहिलं होतं, अठरा तारखेला, कामावर आल्या आल्या.

उजवीकडे तिचं. चौदा नोव्हेंबर. कामावर.

खाली दोन चौकोन. हे ठेवायचं. की ते ठेवायचं.

...

खोलीत आवाज नव्हता. बाहेर डब्यावर दिवा लुकलुकत होता, दारातून त्याचा हिरवा ठिपका दिसत होता.

ते बसून राहिले.

बारा वाजले. साडेबारा.

उजवीकडचं ठेवलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. यादी तेच बघायचे. कर्मचारी एक, कामावर. रोज संध्याकाळी सासूनं हाक मारली असती. कदाचित दिवाही लागला असता. दर गुरुवारी एक भेट... त्यांच्यासाठी एक अक्षर नाही, पण भेट तरी.

पण शेरा होता. सोपवावी.

दिवसभराची फिरती झाल्यावर ताई शेवटी आपली वायर काढायची आणि म्हणायची, चला, झालं माझं. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय ते. थकलेला आवाज असायचा.

एक वाजायला चार मिनिटं होती. वहीदादांनी डावीकडचा चौकोन दाबला.

मृत.

ओळ मिटली. बाहेरचा हिरवा ठिपका विझला.

मग त्यांनी पाचव्या ओळीला पुन्हा एकदा सिंकला बोलावलं. मिनिट. दोन मिनिटं.

ही कॉपी सापडत नाही. यादीतून काढायची का?

...

हो.

रात्रभर ते तिथंच बसले. सकाळी सातला मोठ्या सिस्टर आल्या, तर यांच्या हातात एक चिठ्ठी, त्यावर म्हातारीचा पत्ता. रात्रीचं सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मोठ्या सिस्टरांनी चिठ्ठी वाचली, यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि सर्वांत धाकट्या सिस्टरला हाक मारली. मग मला म्हणाल्या, गाडी काढा. वहीदादा कधी फिरतीवर यायचे नाहीत. त्या दिवशी येऊन पुढच्या सीटवर बसले.

हो, गाडीवर मीच होतो. म्हणून म्हटलं, ऐकीव गोष्ट नाही ही.

माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. अशी जखम, एकटं माणूस, आठ महिने पट्टी नाही. दारातच वास येईल. मी खिशातला रुमाल हातात काढून ठेवला होता.

वखारीच्या मागं एका खोलीचं घर. दार उघडं. आत कॉटवर म्हातारी बसलेली, केस विंचरलेले, पाय उशीवर. वास नव्हता. औषधाचा होता, तेवढाच. आमची चाहूल लागली तशी ती आवाजाच्या दिशेनं वळली आणि म्हणाली, "या. काल ती म्हणाली, आता दुसऱ्या येतील. म्हणून दार लावलंच नाही."

धाकट्या सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी वहीदादांकडे.

धाकट्या सिस्टरनं हळूहळू विचारलं, आजी, कोण येतं तुमच्याकडे? म्हातारी म्हणाली, तुमच्यातलीच की. गुरुवारी येते. आधी उजेडी यायची, मग रात्रीची यायला लागली. बोलत नाही फारशी. हात गार असतात तिचे. मी म्हणते चहा ठेव, तर म्हणते, उशीर झालाय.

शेजारीपाजारी कुणी तिला बघितलंय का, हे मी नंतर जाऊन विचारलं. वखार बंद असल्यापासून तिकडं रात्री कुणी फिरकत नाही.

धाकटी सिस्टर खाली बसली आणि तिनं पायावरची चादर बाजूला केली. घोट्यावर पट्टी होती. पांढरी, स्वच्छ, सरळ वेढ्यांची. आपण टोकाला चिकटपट्टी लावतो ना, तशी नव्हती. टोक मधून फाडून दोन पाती केलेली आणि त्यांची गाठ पायाच्या बाहेरच्या अंगाला मारलेली, झोपताना टोचू नये म्हणून. तशी बांधणारी सहाजणींमध्ये एकच होती. धाकट्या सिस्टरला तिनंच शिकवलं होतं. पोरीनं कात्री काढली आणि तशीच धरून बसली.

वहीदादा पुढे झाले. म्हणाले, कापू नका.

ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी गाठ सोडली. घट्ट होती, वेळ लागला. मग एकेक वेढा उलगडत गेले. शेवटचा वेढा निघाला. आत जखम राहिली होती करंगळीच्या नखाएवढी. गुलाबी. भरत आलेली.

पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून बांधलेली होती. तास-दोन तासांपूर्वी बांधावी तशी ओली.

धाकट्या सिस्टरनं नवी पट्टी बांधली. म्हातारीची नोंद झाली, पुढच्या गुरुवारी हीच सिस्टर भेटीला गेली, त्यापुढच्या गुरुवारी दुसरी. डिसेंबर अखेर जखम बंद झाली. म्हातारी अजून आहे. रात्रीचं तिच्याकडे परत कुणी आलं नाही.

वहीदादांनी ती जुनी पट्टी टाकू दिली नाही. गुंडाळी करून खिशात घातली. गाडीत बसले. ताई गेली त्या वळणावर मला म्हणाले, मामा, दोन मिनिटं थांबवता का? मी बाजूला घेतली. ते उतरले नाहीत. नुसते बसले, आणि मग रडले. मी काचेबाहेर बघत राहिलो.

याला आता दोन वर्षं होऊन गेली. मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. दोरीवर, पंख्याखाली, एकच वस्तू वाळत घातलेली होती. मी बघतोय हे त्यांना कळलं. म्हणाले, लावा हात.

मी लावला.

ओली आहे ती पट्टी. अजून.